पूजेत ठेवलेला राउटर

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगू का... निम्म्या वेळा हसायला वाचते. पांढऱ्या साडीतली बाई, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस — अरे, दुसरं काही सुचत नाही का त्यांना! आता मीच लिहायला बसले आहे, तेव्हा हसा खुशाल. माझा नवरा गिरीश म्हणाला, "लिहू नकोस, लोक वेड्यात काढतील." काढू देत. मनात ठेवून ठेवून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे, त्यापेक्षा ते बरं.

आम्ही मूळचे मिरजेचे. गिरीशची नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात, म्हणून चेन्नईत आलो. खरं तर तिकडेच कुठेतरी घर घ्यायचं होतं, पण मला ते सगळं उजाड वाटलं. मला माणसांचा आवाज लागतो. म्हणून शहरातलं तिरुवल्लिकेणी. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना मॅन्शन — नाव मोठं, पण असतात एकट्या राहणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या — गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या लुंग्या, आणि संध्याकाळी मरीना किनाऱ्याकडून येणारा खारा वारा. गिरीशला कंपनीची बस पहाटेच कोपऱ्यावरून घेऊन जाते. आमचं घर दुमजली. वर आम्ही, खाली घरमालक सेतूराव.

सेतूराव एग्मोरच्या रेल्वे ऑफिसातून रिटायर झालेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घराणं तंजावरचं, मराठी. पण कसली मराठी! पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "या, बसा, तुमचें सामान यायला वेळ आहे कीं नाहीं?" आणि मी बघतच राहिले. जुन्या पोथीतून उठून कुणी बोलावं तसं, आणि वर हेल मात्र अस्सल तमिळ. त्यांना माझी मराठी "फार भरभर, रेडिओसारखी" वाटते. त्यांच्या बायको कमलाक्का — त्यांची मराठी तर अजून गोड. मूल-बाळ नाही. आम्ही इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी रसम पाठवलं, आणि तेव्हापासून आमची दोन घरं म्हणजे नावालाच दोन.

हे घडलं त्याच वर्षी उन्हाळ्यात अक्का गेल्या. आजारपण वगैरे काही नाही, झोपेत गेल्या. त्यानंतर अण्णा एकटे.

आता राउटर.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते, विम्याचे क्लेम तपासायचं काम. नेट गेलं की माझं काम गेलं, आणि लगेच पुण्याहून मेसेज: मेधा, आर यू देअर? त्यामुळे माझ्या टेबलाच्या बरोबर समोर भिंतीवर तो डबा टांगलेला आहे आणि माझा एक डोळा कायम त्याच्यावर. स्वस्थ बसणं मला आधीच जमत नाही, त्यात हे. त्याचे दिवे मला तोंडपाठ आहेत. पॉवरचा हिरवा — तो सगळ्यांनाच कळतो. त्याच्या शेजारी 'पॉन', म्हणजे फायबरच्या काचेच्या तारेतून येणारा उजेड डब्यापर्यंत पोचतोय. तो हिरवा आणि स्थिर हवा. मग 'लॉस'. हा दिवा दिसताच कामा नये. लाल लुकलुकायला लागला की समजायचं, गल्लीत कुणीतरी गटार खणताना तार तोडली, आज पुण्याची बोलणी खायची. इंटरनेट आणि वायफायचे दिवे उलटे, ते फडफडत असतील तर उत्तम. आणि सगळ्यात शेवटी 'टेल', म्हणजे टेलिफोन.

हा टेल अण्णा-अक्कांचा. कनेक्शन आम्ही दोन घरांत मिळून घेतलेलं. अक्कांना मोबाइल नको होता, त्यांना जुना फोनच हवा, रिसीव्हरवाला. हल्ली तो फोनही याच डब्यातून चालतो, म्हणून त्याची वायर आमच्या खिडकीतून खाली त्यांच्या हॉलमध्ये सोडलेली. टेल स्थिर हिरवा म्हणजे फोन ठीक. टेल लुकलुकायला लागला म्हणजे खाली कुणीतरी रिसीव्हर उचललाय. रोज दुपारी जेवणं झाली की अक्का तंजावरला बहिणीशी बोलायच्या, आणि वर माझ्यासमोर तो दिवा लुकलुकत राहायचा. मी मनात म्हणायचे, अक्कांचं सुरू झालं. भांडण आहे की गप्पा तेवढं कळायचं नाही.

अक्का गेल्यावर दुपारचा तो दिवा स्थिरच असायचा. मला ते अजिबात आवडायचं नाही, सांगते.

आता आयुधपूजेचा दिवस. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांना हळद-कुंकू लावतो आणि लगेच कामाला लागतो. इथे तसं नाही. नवमीला जे पूजेत ठेवलं, त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. यंत्राची सुट्टी. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला उचलायचं. गल्लीत सगळ्या रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, मॅन्शनच्या पोरांनी मोटरसायकली धुऊन चंदनाचे ठिपके लावलेले, रस्ताभर कुंकू भरलेले फोडलेले कोहळे — पाय घसरून कपाळमोक्ष व्हायचा.

अण्णांकडे वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या घरात सण नाही. दोन दिवस आधी ते म्हणाले, "तुझ्याकडें मांडूं गे. यंत्रें तशींच राहिलीं तर बरें नाहीं." मी हो म्हटलं. माझं काय जातंय.

त्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून ताट घेऊन वर आले. ताटात अक्कांची शिवणाची कात्री, त्यांचा स्वतःचा ट्रान्झिस्टर, आणि मोबाइल. मी माझा मिक्सर ठेवला, लॅपटॉप ठेवला, आमचे दोघांचे मोबाइल ठेवले. गिरीशला कारखान्यातल्या पूजेला जायचं होतं. त्यांच्याकडे त्या दिवशी मशिनांना हार असतात. तो म्हणाला, "माझा राहू दे इथेच, तिकडे फोन आहेतच." आणि अण्णांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं.

"तें पण काढ."

"काय?"

"तें डबडें. वर्षभर एक क्षण निजत नाहीं बिचारें. आज त्याला विश्रांती."

"अण्णा! पुण्याला सुट्टी नाही आज. मी अर्धा दिवस तरी—"

"पुणें उद्यां पण असेल कीं."

"आणि तुमचा फोन बंद पडेल खाली. मोबाइलपण इथे ठेवलाय तुम्ही."

"मला कोण फोन करणार गे?" असं ते अगदी सहज म्हणाले. पण मी चिडले होते. गिरीश बूट घालता घालता हसत म्हणाला, "काढ ना, एक दिवस तरी त्या दिव्यांकडे बघणार नाहीस. घराला शांतता." आणि गेला बस पकडायला. मी पुण्याला आजारी आहे म्हणून मेसेज टाकला, मोबाइल बंद केला, आणि राउटर भिंतीवरून उतरवला.

हे नीट सांगते, कारण पुढे सगळे मला हेच विचारतात. ॲडाप्टरची पिन काढली. फायबरची तार काढून तिच्या टोकाला टोपण लावलं आणि ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. खाली जाणारी फोनची वायर काढली, तीही भिंतीवरच राहिली. राउटर नुसता डबा, सगळे सॉकेट उघडे. तो पाटावर ठेवला. अण्णांनी त्याला चंदनाचा ठिपका, त्यावर कुंकू, वरून शेवंतीचं फूल. ॲडाप्टरला वेगळा ठिपका. मग समई, चुरमुरे, हरभऱ्याचं सुंडल, आरती. अण्णांनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. कात्रीकडे बघून त्यांचा चेहरा हलला, तो मी बघितला आणि न बघितल्यासारखं केलं.

जेवायला ते आमच्याकडेच. फार काही जेवले नाहीत. "डावा हात जड वाटतो आज," म्हणाले. मी म्हटलं, "ताट घेऊन जिने चढलात म्हणून." ते म्हणाले, "संध्याकाळीं कॉफीला येतो," आणि खाली गेले. मी त्यांच्या दाराची कडी वाजलेली ऐकली.

आणि मग माझी दुपार सुरू झाली. काय सांगू! फोन नाही, लॅपटॉप नाही, नेट नाही. मिक्सरसुद्धा नाही, नाहीतर चटणी तरी वाटली असती. मी कपाट आवरलं. बाहेर आले. परत आत गेले. पंखा वाढवला, कमी केला. पंचवीस वेळा रिकाम्या भिंतीकडे बघितलं असेल. दात पडल्यावर जीभ तिथेच जाते ना, तसं. मनात आलं, हळूच लावून बघू का, अण्णांना काय कळणार? खरंच उठले. लाज वाटली, परत बसले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा पूजेकडे नजर गेली.

राउटरवरचा एक दिवा लुकलुकत होता.

मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. तेच तर सांगायचंय! इतकी सवय, की मी मनात म्हटलं, अक्कांचं सुरू झालं. आणि वळून दोन पावलं चालून गेले. मग पाय थांबले.

अक्का नाहीत. आणि डब्याला वायर नाही.

मी घाबरले नाही... आधी चिडले. म्हटलं समईचा उजेड पडत असेल काचेवर. समई हाताने बाजूला सरकवली, चटका बसला. दिवा चालूच. खिडकीचा पडदा ओढला. चालूच, उलट आता जास्त स्पष्ट. हिरवा. लुक, लुक, लुक. पॉवरचा दिवा बंद. पॉन बंद. लॉस बंद. फक्त शेवटचा. टेल.

मी फूल काढून टाकलं आणि तो डबा उचलला. पूजेतला उचलायचा नसतो वगैरे सगळं विसरले. उलटा केला, सुलटा केला. मागची सगळी भोकं रिकामी. हाताला गार लागत होता, चालू राउटर गरम असतो. आणि माझ्या हातात, माझ्या डोळ्यांसमोर तो दिवा लुकलुकत होता. तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. मी मोठ्याने म्हणाले, "बंद हो!" अशी वेड्यासारखी ओरडले त्या डब्यावर.

आणि मग — याला विचार म्हणता येणार नाही, सवय म्हणा — टेल लुकलुकतोय म्हणजे खाली रिसीव्हर उचललाय. खाली फक्त अण्णा आहेत. आणि अण्णा आज यंत्राला हात लावणार नाहीत. काही झालं तरी लावणार नाहीत.

काही झालं तर लावतील.

मी तशीच अनवाणी धावले. पुढच्या दाराला आतून कडी. "अण्णा! अण्णा!" काही नाही. मागच्या बाजूला नळाशी एक दार आहे, ते दिवसा उघडं असतं, तिकडून आत शिरले. अण्णा हॉलमध्ये जमिनीवर पडले होते. खाटेपासून फोनच्या टेबलापर्यंत सरपटत आले होते. चटई सगळी गोळा झालेली. तोंड एका बाजूला ओढलेलं. डावा हात मेल्यासारखा. आणि उजव्या हातात रिसीव्हर, कानाला घट्ट लावलेला. डोळे उघडे होते. मला बघून त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि नुसता घोगरा आवाज आला.

"आले, अण्णा, मी आले, हलू नका," मी म्हणाले.

वर पळाले, पूजेतला मोबाइल ओढून काढला, चालू केला. कंपनीचं नाव, मग गोल फिरणारं चक्र, मग परत नाव... मेल्या, चालू हो ना! शेवटी तो तसाच हातात घेऊन मी रस्त्यावर आले आणि जिवाच्या आकांताने ओरडले. मॅन्शनमधले दोघे तरुण धावत आले. दारासमोर एक रिक्षा उभी होती, नुकतीच पूजा झालेली, केळीचे खुंट, हार, चाकांखाली लिंबं. रिक्षावाला जेवायला बसला होता. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये काय सांगितलं देव जाणे. तो हात न धुता उठला, खुंट उपटून फेकले, अण्णांना आत झोपवलं आणि लिंबं चिरडत रिक्षा काढली. त्याने विचारलंसुद्धा नाही की आज चालवायची का.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघून सांगितलं, मेंदूत गुठळी. औषध वेळेत देता आलं. संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले असते तर एकतर गेले असते, नाहीतर अंथरुणाला खिळले असते. "तुम्हाला लगेच कसं कळलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "सहज बघायला गेले होते." दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी कॉफीला येतो म्हणाले होते. मी संध्याकाळपर्यंत खाली गेलेच नसते.

रात्री घरी आले तेव्हा राउटर जमिनीवर होता, मी टाकला होता तिथेच. सगळे दिवे बंद.

गिरीश इंजिनिअर आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाला, "कपॅसिटर. बंद केल्यावर आत थोडा चार्ज उरतो."

"सकाळपासून दुपारपर्यंत?"

"नाही... तेवढा नाही."

"आणि नेमका एकच दिवा?"

पुढच्या रविवारी त्याने स्वतः राउटर सोडवला, त्याच पाटावर ठेवला, चंदन-कुंकवाचा ठिपकासुद्धा लावला, शेजारी समई, आणि चहाचा कप घेऊन समोर बसला. दुपारभर बसला. काही झालं नाही. म्हणाला, "मेधा, तुला भास झाला, आणि योगायोगाने तू खाली गेलीस. चांगलंच झालं ना?" मग बजावलं, "अण्णांना यातलं काही सांगू नकोस. आधीच ते अक्कांच्या दुःखात आहेत." तेवढं मला पटलं. मी अण्णांना शब्दानेही बोलले नाही.

नेटच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यालाही विचारलं. त्याने डबा उघडून बघितला, बंद केला. "मॅडम, चान्सए इल्लै," म्हणाला, म्हणजे शक्यच नाही. आणि मग मला विचारलं, झोप नीट लागते का!

नव्हती लागत. खरं तेच. अण्णा हॉस्पिटलमधून घरी आले, काठी घेऊन चालायला लागले, व्यायाम शिकवायला बाई यायच्या, बोलणंही हळूहळू जागेवर येत होतं... सगळं चांगलं चाललं होतं, आणि मी मात्र दिवसभर त्या एका दिव्याकडे बघत बसायचे. क्लेममध्ये चुका व्हायला लागल्या. स्वयंपाक करताना तीनदा हॉलमध्ये यायचे. दिवा स्थिर असला तरी भीती, फोन करायला जाण्याआधीच पडले असतील तर? लुकलुकला तरी भीती. रात्री उठून बघायचे. गिरीश वैतागला. मीही स्वतःला वैतागले.

शेवटी मीच नेटच्या कंपनीला फोन केला, डबा बदलून द्या. त्यांच्याकडे नवीन मॉडेल आलंय, छोटं, पांढरं, त्यावर एकच दिवा. ठीक असेल तर निळा, नसेल तर लाल. बाकी काही नाही. मला तेच हवं होतं. काहीही कळायला नको! अण्णांना म्हटलं, "उद्या थोडा वेळ फोन बंद राहील, डबा बदलतायत."

दुसऱ्या दिवशी तोच माणूस नवा खोका घेऊन आला. गिरीशची सुट्टी होती. माणसाने ड्रिल काढलं, आणि जिन्यावर काठीचा आवाज आला. टक्. थांबून. टक्. आजारपणानंतर अण्णा एकदाही वर आले नव्हते. गिरीश धावला, हात धरून आणलं. चेहरा घामाने डबडबलेला.

"तें नेऊं नको," अण्णा म्हणाले.

"अण्णा, बसा आधी. फोन चालेल तुमचा, तसाच चालेल—"

"मी तुला सांगितलों नाहीं." त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. "त्या दिवशीं खाटेवरून पडलों. हात नाहीं, पाय नाहीं. रांगत गेलों. फोन ओढलों. मेलेला होता, ठाऊक होतें मला. मींच तर बंद करायला लावलों."

"मग उचललात कशाला?" मी विचारलं.

"हाताशीं दुसरें काय होतें गे? कानाला लावलों. आवाज नाहीं, कांहीं नाहीं. तरी बोललों. तोंड वांकडें झालेलें, बोललों कीं नाहीं कोण जाणे. मनांत तर म्हटलों. 'कमले, वरतीं सांग. मेधाला सांग.'"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मग... अक्का काही बोलल्या?"

"नाहीं." अण्णा हसले, अर्ध्या तोंडाने. "माझ्याशीं कधीं बोलत बसली आहे ती? काम सांगितलें कीं उठून जायची. तसेंच. गेली असें वाटलें. आणि तूं आलीस."

मी गिरीशकडे बघितलं. अण्णांना यातलं मी काही सांगितलेलं नव्हतं, गिरीशनेही नव्हतं. गिरीशचा चेहरा पांढरा पडला होता. तोच गिरीश, कपॅसिटरवाला! तो त्या माणसाकडे वळला आणि म्हणाला, "वेंडाम. नको. राहू दे हाच."

"सर, कम्प्लेंट मॅडमनेच दिली ना..."

"वेंडाम म्हटलं ना!"

तो बिचारा खोका उचलून पुटपुटत गेला. मग मी अण्णांना भिंतीपाशी नेलं आणि तो शेवटचा दिवा बोटाने दाखवला. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. उजवा हात उचलून डब्यावर ठेवला, ताप बघतात तसा, आणि तसेच उभे राहिले. मग रडले. अक्का गेल्या तेव्हासुद्धा आमच्यासमोर रडले नव्हते. मीही रडले, आणि गिरीश चहा करतो म्हणून आत पळाला.

झालं. एवढाच अनुभव आहे. अक्का दिसल्या नाहीत, आवाज आला नाही, कुणी स्वप्नात आलं नाही. एका बंद डब्यावरचा एक दिवा लुकलुकला, एवढंच. का, कसा, मला माहीत नाही. मी विश्वास ठेवते का? तेही माहीत नाही. एक दिवस ठेवते, एक दिवस नाही. तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रॉनिक्समधलं असेल तर जरूर लिहा. फक्त कपॅसिटर म्हणू नका, ते आमच्याकडे झालंय.

हल्ली दुपारी अण्णाच तंजावरला मेहुणीला फोन लावतात. वर दिवा लुकलुकायला लागतो. मला पक्कं ठाऊक असतं की ते फोनवर आहेत, खणखणीत आवाजात सांबाराच्या मसाल्यावरून वाद घालतायत. तरी मी हातातलं टाकून खाली जाते. दारातून डोकावते. अण्णा रिसीव्हरवर हात ठेवून ओरडतात, "बोलूं दे कीं गे! जिवंत आहे!" मी बरं म्हणते, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहते.